उतरायचं कुठे?

भाड्याचं घर बघायला गेलं की मालक काय विचारतो? नोकरी कुठे, माणसं किती, पाहुणेरावळे फार येतात का. आमच्या मालकांनी दारातच विचारलं, "पोहता येतं काय?"

एव्हरशाईन सिटीतली आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली होती आणि मी नि माझा नवरा डोक्यावर छप्पर शोधत वसईभर हिंडत होतो. एजंटने वटारच्या एका वाडीतला हा वरचा मजला दाखवायला आणलं होतं. मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. मी हसून म्हटलं, "काका, माझं माहेर म्हसवडकडचं. आम्ही पाणी बघितलं ते टँकरचं." काका हसले नाहीत. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. नवरा गिरगावात वाढलेला, चौपाटी हाकेच्या अंतरावर, पण त्यानेही गुपचूप नकाराची मान हलवली.

"मग आधी शिका," काका म्हणाले, "नंतर सामान आना. या घरात पोहता न येनारा मानूस ऱ्हात नाय."

एजंटने कपाळावर हात मारला. "मॅडम, मी गाडीतच सांगणार होतो," तो पुटपुटला. तर काय, आमचं सामान नवऱ्याच्या भावाकडे पडून आणि आम्ही दोघं चाळिशी उलटलेली माणसं रोज सकाळी वटारला पोहायला! ऑफिसात सांगायची सोय नाही. मी आपली 'घराचं काम निघालंय' म्हणून उशिरा पोचत होते, आणि केस ओले का, म्हणून कुणी विचारलं तर शिकेकाई लावते म्हणून सांगत होते.

घरामागे केळीची बाग होती आणि बागेच्या मधोमध बावखल. इथे वाडीतल्या तळ्याला बावखल म्हणतात. पावसाचं पाणी त्यात साठतं, मुरतं, आसपासच्या विहिरी त्याच्यावर जगतात. पूर्वी दर वाडीत एकेक होतं म्हणे. आता बहुतेकांवर भराव पडून बंगले उभे राहिलेत. काकांचं मात्र काठोकाठ भरलेलं, पूर्वेला दगडी पायऱ्या, आणि पाणी इतकं हिरवं की तळ दिसतच नव्हता.

काकांनी दोन सुके नारळ सुंभाने बांधले, बुडू नये म्हणून माझ्या पाठीवर अडकवले आणि म्हणाले, "उतर, बाय." मी पंजाबी ड्रेस घालून तिसऱ्या पायरीपर्यंत गेले आणि तिथेच रडायला लागले. खोटं कशाला सांगू, मोठ्याने रडले. काकांनी ना समजूत काढली, ना ओरडले. ते शेजारच्या पायरीवर बसून राहिले. माझं रडून संपल्यावर म्हणाले, "झालं? आता उतर." आणि मी उतरले. त्या आवाजात काय होतं मला आजही सांगता येणार नाही. दटावणी नव्हती, गोडवाही नव्हता. एवढंच कळलं की हा माणूस माझ्या जिवाची माझ्यापेक्षा जास्त काळजी करतोय, आणि आपली कालपरवाची ओळख.

ते स्वतः रोज सकाळी पाण्यात जायचे. पंच्याहत्तरीचे होते, पाठ अजून ताठ. शेवटच्या कोरड्या पायरीवर उभे राहायचे, हात जोडायचे आणि पाण्याला विचारायचे, "येऊ काय?" विचारून थांबायचे. खरंच थांबायचे, कुणाच्या दारात उभं राहून आतून 'या' म्हणण्याची वाट बघतात तसं. मग जरा वेळाने आपलेच उतरायचे. मी एकदा छेडलं, "काका, पाणी काय म्हणालं?" तर म्हणाले, "अजून काय बोललं नाय. पन विचारायला नको?"

पोहायला शिकवण्याचं त्यांना वेडच होतं, दुसरा शब्द नाही. गॅसचा सिलिंडर आणणारा माणूस, कुरिअरवाला, केळी न्यायला येणारा व्यापारी, पलीकडच्या वाडीतली ख्रिस्ती कुटुंबंच्या कुटुंबं, चर्चमधला रविवारचा मिस आटोपून कधीमधी येणारे तरुण फादर, सगळे त्या पाण्यातून गेलेले. गावात लग्न ठरलं की काका नवरीच्या घरी जायचे आणि आहेर वगैरे सोडून विचारायचे, "पोरीला पोहता येतं काय? नाय तर आठ दिस पाठवा." नाक मुरडणारे मुरडायचे, पण पोरी पाठवायचे. नालासोपाऱ्याच्या चाळींतून आईबाप रिक्षात कोंबून मुलं आणायचे. काका कुणाकडून काही घेत नव्हते. कुणी फारच आग्रह केला तर सुका नारळ मागायचे.

बावखल बुजवायला बिल्डर टपलेलेच होते. एकाने तर विचारायच्या आधीच भराव धाडला. तोवर आम्ही पोहायला शिकून तिथे राहायला आलो होतो आणि मी वरच्या गॅलरीत चहा घेत होते. डंपर मागे मागे येत अगदी काठाशी आला, फाळका उघडायच्या बेतात. मी ओरडणार, तेवढ्यात काका पायऱ्या उतरले. डंपरसमोर नाही हं, पाण्यात. जाऊन मधोमध उताणे पडले, डोळे मिटून, छातीवर हात ठेवून. ड्रायव्हर उत्तर प्रदेशातला पोरगेला माणूस. त्याची भंबेरी उडाली. "चाचा, निकलो! चाचा, मर जाओगे!" काका डोळे न उघडता म्हणाले, "तुमको तैरना आता है?" तो म्हणाला, नहीं. "तो फिर मुझे निकालेगा कौन? पहले सीखो."

डंपर भरलेला तसाच परत गेला. दुसऱ्या रविवारी तो ड्रायव्हर आला, डंपर न घेता, टॉवेल घेऊन. मी गॅलरीतून बघत होते आणि मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही. अशी माणसं असतात, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी थाप समजले असते.

हे वेड कुठून आलं ते मला त्यांनीच सांगितलं. आम्ही दोघं बसून केळीची सालं काढत होतो. राजेळी केळी वाळवून त्यांची सुकेळी करतात, त्याची तयारी चालली होती. हातातलं काम न थांबवता ते म्हणाले, "माझा पोर गेला यात. चार वर्षांचा होता."

माझा हात थांबला. त्यांचा नाही.

"मी तटे केळीला पानी सोडीत होतो. काकी घरात भाकऱ्या भाजीत होती. तिनं लेकीला सांगितलेलं, भावाकडे बघ. लेक दहाची. ती दोरीवरच्या उड्या मारीत होती. झालं." केळ्याचं साल काढून त्यांनी बाजूला ठेवलं. "सगळे बोलले, बुजवून टाक. काकी बोलली, लेक बोलली. मी नाय बुजवलं. मी म्हटलं, बुजवलं तर लोक इसरतील, मी पन इसरन. नि पुढची पोरं शिकतील कटे?"

काकी पुढे आजारपणात गेल्या. लेक शिकली, खूप शिकली, आणि त्या पाण्याशेजारी पुन्हा राहणार नाही म्हणून लांब गेली. इतकी लांब की चीनमध्ये. तिकडेच लग्न केलं, जावई तिकडचाच. गंमत बघा नियतीची, तिला नोकरी मिळाली ती हांगझौ नावाच्या शहरात, आणि ते शहर वसलंय एका भल्यामोठ्या सरोवराच्या काठी. काका म्हणायचे, "पान्यावर रुसून गेली नि तळ्याच्या गावात जाऊन बसली." बोलणं असायचं फोनवर, सणासुदीला, तब्येत कशी, पाऊस किती. ती कधी आली नाही आणि तिने कधी बोलावलंही नाही.

मी विचारलं, "काका, तुम्ही तिला कधी काही बोललात? त्या दिवसाबद्दल?"

"एक शब्द नाय! कधीच नाय," ते पटकन म्हणाले. जरा अभिमानानेच.

"अहो, म्हणजे तुझी चूक नव्हती, असंही नाही?"

त्यांचे हात तेव्हा थांबले.

आणि मग एके दिवशी लेकीचा फोन आला, 'बाबा, या'. काका जिना चढून वर आले, फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बोल तिच्याशी, मला हॉटेलचं कळत नाय." हॉटेलचं? मी फोन कानाला लावला. लेक गोड बोलली, पण जपून बोलली. "बाबांच्या उतरायची सोय हॉटेलात करते. आमची जागा लहान आहे. तळ्याच्या चारी बाजूंनी हॉटेलं आहेत, त्यांना कुठलं बरं वाटेल ते तुम्ही जरा बघून सांगाल का? मी बुक करते."

मला रागच आला. इतक्या वर्षांनी बाप येणार आणि हॉटेलात? नवरा म्हणाला, आपण मध्ये पडू नये. पण गावात बातमी फुटली आणि जो तो काकांना विचारायला लागला, "लेकीच्या गावाला हॉटेल कशाला?" काका हसून म्हणायचे, "तटे तशी पद्धत हाय." मला त्या हसण्याचा फार त्रास व्हायचा. लेक घरात घेईल की नाही, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता आणि तो ते तोंडाने काढत नव्हते.

मग आमचं हॉटेल-संशोधन सुरू झालं. संध्याकाळी ऑफिसातून आले की काका ओट्यावर तयारच. मी मोबाइलवर नकाशा काढायचे. पूर्वेचा काठ म्हणजे शहराची बाजू, दुकानं, मेट्रो, खाण्यापिण्याची चंगळ, उंच हॉटेलं. उत्तरेला डोंगर, त्यावर मनोरा, आणि तिथून पाण्यातून जाणारा जुना बांध, विलोची झाडं लावलेला. दक्षिणेला शांत, सूर्यास्त बघायला लोक तिकडे जातात. पश्चिमेला चहाचे मळे आणि मळ्यांतल्या वाड्यांत घरगुती खोल्या. मला तर पश्चिमच आवडली, वटारसारखी वाटली. पण लहान ठिकाणी परदेशी पासपोर्टवाल्याला घेतात की नाही, ते आधी विचारून घ्या, असं लोकांनी लिहिलेलं. खिडकीतून तळं दिसणाऱ्या खोल्या महाग, आणि धुकं पडलं तर ते दिसतच नाही, असंही लिहिलेलं.

मी एकेक वाचून दाखवायचे आणि काका दर वेळी एकच विचारायचे, "बरं, पन उतरायचं कटे?"

"तेच तर सांगतेय, काका! हे बघा, नाश्ता फुकट."

"नाश्ता ऱ्हावदे. उतरायचं कटे?"

मी दुसरं हॉटेल काढायचे. ते फोटो बोटांनी मोठा करून करून बघायचे. खोली नाही, पलंग नाही, कोपऱ्यात कुठे पाण्याचा काठ दिसतोय का, ते. रोज हेच. माझ्या नाकी नऊ आले. एका संध्याकाळी मी वैतागून म्हटलं, "काका, अख्ख्या तळ्याला प्रदक्षिणा झाली! तुम्हाला उतरायचं तरी कुठे आहे?"

"अगं बाय," ते तितकेच वैतागून म्हणाले, "ऱ्हायचं कोन विचारतंय? पान्यात! पान्यात उतरायचं कटे? पायऱ्या कटे हायत?"

मी कपाळाला हात लावला. इतके दिवस मी मुक्कामाचं बोलत होते आणि ते पायऱ्यांचं! हसावं की रडावं. मी सांगितलं, "काका, तिथे पोहायला बंदी आहे. रखवालदार शिट्ट्या मारतात." ते म्हणाले, "पोहायचं नाय. पाय घालून बघायचं. काठाला खोल किती, चिखल किती. माझी नात त्या गावात हाय. तिच्या पान्याचा तळ मला ठाऊक नको?"

मग त्यांनी मला लेकीला फोन लावायला लावला. नात कुठल्या काठाला खेळते, विचार. मी विचारलं. ती म्हणाली, "कुठल्याच नाही. मी तिला तळ्याजवळ नेत नाही."

तळ्याच्या गावातली पोर, आणि तिने तळं बघितलेलं नाही. मी फोन ठेवून काकांना सांगितलं. ते म्हणाले, "किती वर्षांची झाली ती आता?"

लेकीने मघाशी बोलताबोलता सांगितलं होतं. "चार," मी म्हणाले, आणि म्हणताम्हणता माझ्या अंगावर काटा आला.

"म्हनून बोलावलंय मला," काका म्हणाले. "तिला भ्या वाटतंय. एकटीला पेलवत नाय. नि बोलता येत नाय." मग माझ्या हातातला मोबाइल घेऊन त्यांनी नकाशा मोठा केला. "ती ऱ्हाते कटे?" मी पूर्वेकडे, शहराच्या आत बोट ठेवलं. "मग मला अशा ठिकानी ठेव, की पोरीला घेऊन मला भेटायला यायचं तर पान्यावरून चालतच आलं पाहिजे."

मी त्या माणसाकडे बघतच राहिले. आम्ही सगळे नाश्ता आणि खिडक्या बघत बसलो होतो! उत्तरेच्या बाजूला, त्या जुन्या बांधाच्या टोकाशी, डोंगराच्या पायथ्याला एक साधंसं जुनं हॉटेल होतं. खोल्या अंधाऱ्या, लिफ्ट नाही, नाश्त्याला लोकांनी नावं ठेवलेली. पण सुटीच्या दिवशी तिकडे गाड्यांना अडवतात, बांधावरून चालत यावं लागतं, अशी तक्रार कुणीतरी केली होती. "हेच," काका म्हणाले. मी लेकीला कळवलं. ती म्हणाली, "ते फार गैरसोयीचं आहे." मी म्हटलं, "त्यांना तेच हवंय." ती 'बरं' म्हणाली. बापाचा हट्टी स्वभाव तिला माहीत असणारच.

जाताना त्यांनी बॅगेत सुकेळी घेतली आणि दोन सुके नारळ, सुंभासकट. नातीसाठी. विमानतळावर आम्ही सोडायला गेलो होतो. सामान तपासणारी मुलगी म्हणाली, सुका नारळ नेता येत नाही, पेट घेतो. काका म्हणाले, "पोरी, हा बुडू देत नाय, पेटतो कसला!" पण नियम म्हणजे नियम. नारळ काढून माझ्या हातात आले. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणारा तो म्हातारा पाच मिनिटं त्या नारळांकडे बघत उभा होता. "रिकाम्या हातानं चाललो, बाय," म्हणाले आणि आत गेले.

पहिले दोन दिवस लेक एकटीच यायची, टॅक्सीने, ऑफिस आटोपून. जेवण द्यायची आणि जायची. काका फोनवर म्हणायचे, सगळं ठीक, खोली स्वच्छ हाय. माझा जीव तिळतिळ तुटायचा. बोलणं झालं का, विचारलं की म्हणायचे, "रविवार येऊ दे."

रविवारी संध्याकाळी मी स्वतःच व्हिडिओ कॉल लावला. काका पडद्यावर आले, मागे कुणाचंतरी स्वयंपाकघर दिसत होतं, चुलीवर वाफ आणि फ्रिजवर लहान पोरीने काढलेली चित्रं.

"काका, कुठे आहात? हॉटेल बदललं?"

"हॉटेलात माझी पिशवी उतरलीय," ते म्हणाले. "मी लेकीकडे उतरलोय."

मग त्यांनी सांगितलं. सकाळी ते बांधावर बसले होते. पाण्याकडे जाणाऱ्या पायऱ्या त्यांनी पहिल्याच दिवशी शोधून ठेवल्या होत्या. लेक लांबून चालत येताना दिसली, पोरीचं मनगट घट्ट धरून, पाण्याच्या बाजूला स्वतः आणि पोर आतल्या बाजूला. काका उठले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, शेवटच्या कोरड्या पायरीवर उभे राहिले, हात जोडले आणि सवयीप्रमाणे विचारलं, "येऊ काय?"

लहानपणी रोज सकाळी ऐकलेलं ते तिने. तिथेच थांबली. आणि काका मागे न बघताच बोलले, पाण्याकडे तोंड करून, कारण तोंडाकडे बघून जमलं नसतं. "त्या दिवशी लक्ष माझं नव्हतं, बाय. तुझं नाय. तू लहान होतीस. बाप मी होतो."

"नि मग?" मी विचारलं.

"मग काय. मी वाट बघीत होतो पान्याची, रोजच्यासारखी. उत्तर मागून आलं. बोलली, 'या, बाबा. घरी या.'" ते पुढे म्हणाले, "इतकी वर्षं इचारतोय. पयल्यांदा कोन या म्हनालं."

त्यांच्या मागून एक बारीक चणीची पोर आली, त्यांच्या खांद्यावरून पडद्यात डोकावली आणि 'आजा' म्हणाली. मी फोनवर हात ठेवून नवऱ्याला हाक मारली, लवकर ये म्हणून.

आता आम्ही एव्हरशाईनच्या नव्या बिल्डिंगमध्ये आहोत. खाली निळ्या फरशांचा स्विमिंग पूल आहे आणि त्यात सगळ्यात आधी उतरणारी बाई मी असते. काका परत आलेत, पुन्हा गावाला शिकवतायत. मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला, आवाज नेहमीसारखाच, जसं काही केळ्यांचा भाव सांगतायत.

"लेक येतेय मे महिन्यात. पोरीला घेऊन."

मी खुर्चीतून उठलेच. इतक्या वर्षांनी त्या घरात! मी म्हटलं, "काका, काय म्हणाली ती? नीट सांगा सगळं."

"काय नाय. तिनं विचारलं, बाबा, आम्ही उतरायचं कुठे? खाली की वरच्या मजल्यावर?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं, पूर्वेच्या पायऱ्यांनी," काका म्हणाले. "तटे खोल नाय. नारळ बांधून ठेवलेत."